काय शिकवायचे, हे ठरवायला कोण शिकणार?

एम.एड. पुन्हा एका वर्षाचा करायचा प्रस्ताव राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने फेब्रुवारी २०२५ मध्ये मसुद्यात मांडला आणि चर्चा जागा, शुल्क, पात्रता यांच्याभोवती फिरत राहिली. २०१४ च्या नियमांनी ही पदवी दोन वर्षांची केली होती. आता ती निम्म्यावर आणली तर कात्री नेमकी कुठे लागेल? मला धास्ती वाटते ती अभ्यासक्रम विकसनाच्या विषयाची. नाव रुक्ष वाटेल; पण मुलांनी काय शिकावे आणि ते कोणी, कशाच्या आधारे ठरवावे, याचा पद्धतशीर विचार याच विषयात होतो.

त्याची गरज पाहायची तर २०१९ चा संख्यावाचनाचा वाद आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आले आणि गहजब झाला. विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या, मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावे काढलेली नाहीत, मुलांना एक सोपी वाट दिली आहे. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना सहा आधी येतात. मूल सरळ ३६ लिहून मोकळे होते. ‘एकोणसत्तर’ तर त्याहून कठीण. कान सत्तर पकडतो आणि हाताने मात्र सहा लिहायचा. कन्नड किंवा तेलुगू मुलाला ही कसरत करावी लागत नाही, कारण तिथे दशक आधी बोलले जाते.

आता हाच वाद एम.एड.च्या वर्गात ठेवून बघा. शिकागो विद्यापीठातल्या राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये एका छोट्या पुस्तकात चार प्रश्न मांडले : उद्दिष्ट काय, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, ते कसे रचायचे आणि उद्दिष्ट साधले की नाही हे कसे ओळखायचे. दुसरीच्या मुलाला स्थानिक किंमत कळावी हे उद्दिष्ट असेल तर ‘साठ तीन’ उत्तम. बाजारात आजीशी हिशेब करता यावा हे उद्दिष्ट असेल तर ‘त्रेसष्ट’ला पर्याय नाही. दोन्ही हवे असेल तर कोणते आधी, हा तिसरा प्रश्न. चौथा प्रश्न, म्हणजे बदलानंतर मुलांच्या चुका खरोखर कमी झाल्या का, हा त्या गदारोळात बाजूलाच राहिला.

हिल्डा टाबा यांनी १९६२ मध्ये टायलरांची चौकट वर्गाच्या बाजूने उलटवली. त्यांचे म्हणणे, आधी शिक्षकांनी छोटे घटक तयार करून वर्गात पारखावेत, मग आराखडा लिहावा. इंग्लंडमधले लॉरेन्स स्टेनहाउस आणखी पुढे गेले. अभ्यासक्रम हा हुकूम नाही, शिक्षकाने वर्गात तपासून पाहायचा प्रस्ताव आहे, हे त्यांचे प्रतिपादन मला या साऱ्या साहित्यात सर्वांत मोलाचे वाटते. मायकेल अ‍ॅपल यांचा प्रश्न वेगळाच : पुस्तकात शिरणारे ज्ञान कुणाचे? आपल्याकडेही ही परंपरा आहे. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यासाठी नेमलेल्या अभ्यासगटांपैकी एक गट केवळ अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके यांवर होता. त्याचे अध्यक्ष रोहित धनकर. त्याचा अहवाल एम.एड.च्या विद्यार्थ्याने सावकाश, भांडत वाचावा असा आहे.

हे भांडत वाचणेच वेळखाऊ असते. टायलरांचे चार प्रश्न एका तासात पाठ होतात आणि परीक्षेत पाच गुण मिळवूनही देतात. पण एखाद्या शाळेत जाऊन, एक घटक स्वतः रचून, तो फसलेला पाहून, पुन्हा रचायचा तर एक सत्र पुरत नाही. लघुशोधप्रबंध आणि आंतरवासिता आखडल्या की उरतील त्या नोट्स.

असा विचार मागे पडला की काय होते, हे त्रिभाषा सूत्राच्या वादात दिसले. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला, १७ जूनला सुधारला, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द केल्याचे जाहीर झाले आणि नरेंद्र जाधव यांची समिती आली. तोवर आपण अस्मितेवर बोललो, आणि ते बोलणे गरजेचेही होते. पण सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसातले कोणते तास तिसऱ्या भाषेला जाणार, ते कशातून कापणार आणि एकशिक्षकी वस्तीशाळेत ती शिकवणार कोण, यावर किती बोललो?

म्हणून माझी मागणी साधी आहे. एम.एड. दोन वर्षांचाच राहू द्या. पाठ्यपुस्तक मंडळाने छपाईआधी नव्या पुस्तकातला एकेक घटक या विद्यार्थ्यांकडे द्यावा, त्यांनी तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवावा आणि मुलांनी कुठे, का चुका केल्या ते लिहून द्यावे. लघुशोधप्रबंधाला विषय शोधत फिरणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.