आधी ब्रेक, मग इंजिन

"अहो, हे धूड अंगणात किती दिवस राहणार?" सौ.चा प्रश्न रास्त होता. न्यू जर्सीतल्या आमच्या घरापुढे जीएमसीचा दुसऱ्या महायुद्धातला अडीच टनी, सहा चाकांना जोर देणारा लष्करी ट्रक उभा होता. १९४१ ते १९४५ या काळात असे ५ लाखांहून अधिक ट्रक बनले. १९४४ साली फ्रान्समध्ये 'रेड बॉल एक्स्प्रेस'ने आघाडीवर रसद पोचवली ती मुख्यतः यांच्याच जोरावर. चालकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.

माझी चूक उत्साहाची. कार्बुरेटर साफ केला, ६ व्होल्टची बॅटरी जोडली आणि इंजिन सुरू झालं! ट्रक उतारावरून निघाला. ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला. हँडब्रेक ओढला, तेव्हा गॅरेजचं दार हातभर अंतरावर होतं. दारात मुलगा टाळ्या वाजवत उभा होता.

झालं काय? या ट्रकला एकच मास्टर सिलिंडर. त्यातलं तेल सगळ्या चाकांच्या ब्रेकना दाब देतं. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तर दुसरा तारतो. इथे एक नळी फुटली की सगळंच गेलं. शिवाय ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे नळ्या आतून गंजतात. बाहेरून पत्ता लागत नाही.

मग नळ्या, रबरी होज, व्हील सिलिंडर सगळं नवं घातलं. कुणाला हा छंद लागलाच, तर इंजिनाला शेवटी हात लावा. गाडी चालते का हे नंतर. आधी थांबते का ते पाहा.