सहा पावलांचं कारण

चिंचणीत दागिन्यांचे डाय कोरणारी घरं आहेत. धातूच्या ठोकळ्यात नक्षी कोरायची, मग सोनार त्यावर पत्रा ठोकून दागिन्याला उठाव आणणार, असं ते काम. अशा घरातला मुलगा नववीत माझ्याकडे भूमितीला आला की हातानं चार पावलं पुढेच असतो. वर्तुळात सहा पाकळ्यांचं फूल काढ म्हटलं तर तो कोनमापक शोधत बसत नाही. कर्कटक त्रिज्येएवढं उघडतो, परिघावर एकेक पाऊल टाकत जातो आणि सहावं पाऊल बरोबर पहिल्या खुणेवर येऊन बसतं.

‘‘सहाच का?’’

‘‘सहाच येतात, सर.’’

नववीची भूमिती इथे सुरू होते. खुणा केंद्राला जोडल्या की प्रत्येक त्रिकोणात दोन बाजू त्रिज्या आणि तिसरी बाजू म्हणजे कर्कटकाचं पाऊल, तेही त्रिज्येएवढंच. त्रिकोण समभुज, म्हणून केंद्राशी 60 अंश, आणि 360 ला 60 नं भागलं की सहा. तोंडी हे पाच मिनिटांत पटतं. लिहायला बसवलं की पेन थांबतं.

आठवीपर्यंत भूमिती म्हणजे बहुतेक मोजणं आणि काढणं. नववीत ‘गणित भाग 2’ हातात येतं आणि पानापानावर पक्ष, साध्य, रचना, सिद्धता दिसायला लागतं. पहिल्या आठवड्यात हमखास येणारी तक्रार अशी, की उत्तर प्रश्नातच दिलंय, मग आम्ही करायचं काय? तक्रार रास्त आहे. इतकी वर्षं गणित म्हणजे शेवटी येणारा आकडा होता. आता शेवट आधीच ठाऊक असतो आणि गुण मिळतात ते वाटेतल्या कंसांना, म्हणजे प्रत्येक ओळीपुढे लिहिलेल्या कारणाला.

समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय घ्या. एबी आणि एसी सारख्या, तर पायाजवळचे कोन सारखे हे दाखवायचं. निम्मा वर्ग थेट लिहितो, ‘कोन बी आणि कोन सी एकरूप’. कारण? ‘आकृतीत दिसतंय.’ म्हणून मी फळ्यावर मुद्दाम आकृती वेडीवाकडी काढतो. दुसरी चूक जास्त हुशार मुलांची: ‘ए मधून बीसीवर लंब काढा, जो बीसीला दुभागेल.’ एका रेषेला दोन हुकूम देता येत नाहीत. लंब सांगा किंवा दुभाजक सांगा, उरलेलं सिद्ध करा. पुस्तक कोन ए चा दुभाजक काढायला सांगतं; मग बाकोबा कसोटी लागते आणि दोन ओळींत काम होतं.

बाकोबा, कोबाको, बाबाबा ही नावं पोरं पाढ्यांसारखी म्हणतात. फार थोडी विचारतात की बाबाको का नाही. विचारलं की कंपास द्यावा. एक कोन काढा, त्याच्या एका भुजेवर पहिली बाजू मापून घ्या, तिच्या टोकावरून दुसऱ्या बाजूएवढा कंस मारा. बाजू बेताची असली तर कंस दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो, म्हणजे माप तेच आणि त्रिकोण दोन. हा कंस स्वतः मारलेला मुलगा पुन्हा बाबाको लिहीत नाही.

दहावीबद्दल पालक जास्त विचारतात, पण तिथे सांगण्यासारखं कमी आहे. समरूपता, पायथागोरस, वर्तुळ, रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. बोर्डाचा पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. बीजगणिताचे 40 आणि अंतर्गत 20 धरून शंभर होतात, त्यामुळे ‘भूमिती सोडून दे, बीजगणितात काढू’ असा सल्ला देणारा चुलतभाऊ घरोघरी सापडतो. नववीतले समांतर रेषा आणि त्रिकोण पक्के असले तर या सल्ल्याची गरज पडत नाही. कच्चे असले तर दहावीत वर्तुळाच्या प्रकरणात सगळं उघडं पडतं.

पेपरातल्या कृती मला अर्ध्याच आवडतात. सिद्धता छापलेली असते, मध्ये चौकटी रिकाम्या, त्या भरायच्या. घाबरलेल्या मुलाला त्या तारून नेतात हे खरं. पण चौकटी भरायला सरावलेला मुलगा कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहू शकत नाही, आणि सिद्धतेत अवघड असते ती पहिलीच ओळ. म्हणून चौकटी भरून झाल्या की पुस्तक मिटायला लावावं आणि तीच सिद्धता पुन्हा लिहून घ्यावी. पोरं कुरकुरतात.

त्रिकोणमितीला मात्र समुद्रावर जावं. कोनमापक उलटा धरायचा, मध्यातून दोरा सोडून त्याला खडा बांधायचा आणि सरळ कडेवरून सुरूच्या शेंड्याकडे बघायचं. दोरा 90 च्या खुणेपासून जितका सरकेल तितका उन्नत कोन. वाऱ्यानं दोरा हलतो, एकजण बघतो, दुसरा वाचतो, तिसरा भांडतो. 45 अंश येईपर्यंत मागे सरकलं की बुंध्यापर्यंतचं अंतर हेच उत्तर, गुणाकारही नको. 12 मीटर अंतर आलं की सगळे 12 मीटर लिहून मोकळे. मग कुणीतरी वाळूत बसून बघतो, त्याला 45 साठी आणखी मागे जावं लागतं आणि झाड उंच झाल्यासारखं होतं. कोन जमिनीपासून नाही, डोळ्यांपासून मोजलाय. पुस्तकातल्या बहुतेक गणितांत बघणाऱ्याची उंची धरलेलीच नसते, त्यामुळे ही दीड मीटरची बेरीज किनाऱ्यावरच शिकवावी लागते.