जुन्या खुर्चीस नव्या घरात जागा

पांढऱ्या भिंतींच्या आणि गुळगुळीत फरशीच्या आजच्या सदनिकेत एखादी शंभर वर्षांची लाकडी खुर्ची आणून ठेवण्याचा उत्साह अनेकांच्या ठायी दिसतो; परंतु मोठ्या हौसेने आणलेली ती खुर्ची पुढे कोपऱ्यात शोभेसाठी बंदिस्त होऊन राहते, आणि तिच्यावर रोज कोणी ना कोणी बसावे ही जी तिच्या घडणीमागील मूळ तजवीज, तीच नेमकी विसरली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इराणी हॉटेलात चहा घेतलेल्या मुंबईकरास गोल बैठकीची, अखंड कमानीच्या पाठीची काळपट खुर्ची ठाऊक आहेच. तिचे कूळ मिखाएल थोनेट याने १८५९ साली व्हिएन्ना येथे सिद्ध केलेल्या '१४ क्रमांका'च्या खुर्चीपर्यंत पोचते. बीच वृक्षाचे दांडे वाफेने मऊ करून ते साच्यात वाकविताना बाहेरची कड ताणली जाऊन तडकू नये म्हणून तिला धातूची पट्टी जखडून ठेवण्याची युक्ती त्याने योजिली. आणि अवघे ६ भाग, १० स्क्रू व २ नट एवढ्यांत उभी राहणारी ही खुर्ची सुटी केली असता एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्यांचे साहित्य मावत असल्याने ती देशोदेशी सुलभतेने रवाना होऊ लागली. हिची रेषा इतकी सडपातळ, की लहान खोलीतही दृष्टीस अडथळा होत नाही. साध्या जेवणाच्या मेजाभोवती अशा दोन-चार खुर्च्या, त्याही निरनिराळ्या घडणीच्या, खुशाल मांडाव्यात.

सागवानी किंवा शिसवी आरामखुर्चीचा बाणा निराळा. तिच्या लांबलचक हातांस ऐसपैस मोकळीक हवी, म्हणून खोलीत अशी एकच असावी. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नव्हे, कारण उन्हाने वेत शुष्क होऊन तुटतो. बैठक सैल झाली असल्यास खुर्ची उलटी करून वेताच्या खालच्या अंगास ऊन पाण्यात भिजवलेले फडके लावावे आणि रात्रभर ती सावलीत वाळू द्यावी; धागे अभंग असतील तर सकाळपर्यंत ते पुष्कळसे ताणून बसतात. माणसांच्या तळव्यांनी काळवंडलेली हातांची टोके खरवडून आरशासारखी चकचकीत करणे मला निव्वळ अपराध वाटतो. स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडा लाखेचा हलका हात पुरेसा आहे.

चोरबाजारात खरेदीस जाल तर पाठ धरून खुर्ची हलवून पाहावी, आणि पायांशी बारीक छिद्रे व ताजा भुसा दिसल्यास भुंगा लागला आहे असे समजून सौदा थांबवावा. खिळखिळ्या सांध्यात खिळे ठोकू नयेत, लाकूड चिरते. सांधा उकलून सरसाने पुन्हा बसवावा. वेत नव्याने भरावयाचा झाल्यास चौकटीच्या कडेने भोके आहेत काय, हे आधी पाहावे. असल्यास ती हाताने विणावयाची बैठक आहे, आणि तयार जाळी दाबून बसविण्यासाठी तिथे खाच पाडणाऱ्या सुताराच्या हाती ती खुर्ची देऊ नये.