गोळाफेकपटूंच्या बळाच्या कथा आणि मोजपट्टीची साक्ष

गोळाफेकीच्या स्पर्धेत खेळाडूचा पराक्रम सेंटिमीटरपर्यंत मोजला जातो, परंतु त्याच खेळाडूंच्या बळाच्या ज्या कथा जगभर सांगितल्या जातात, त्यांतील बहुतेक कथांना वजनकाटा, पंच किंवा नोंदवही यांपैकी कशाचाही आधार नसतो. कोणी अडीचशे किलोंहून अधिक वजन छातीवरून वर ढकलले, कोणी पहिल्या काही मीटरांत नावाजलेल्या धावपटूंना मागे टाकले, तर कोणी सव्वाशे किलोंच्या देहानिशी हरणासारख्या उड्या मारल्या, असे सांगितले जाते. या कथा सरसकट खऱ्या मानणे जसे चुकीचे, तसेच त्या सरसकट थापा म्हणून उडवून लावणेही चुकीचे आहे.

बळाच्या कथांची परीक्षा कशी करावी, याची दोन चांगली उदाहरणे मराठी माणसाच्या परिचयाची आहेत. बडोद्याच्या संग्रहालयात सुमारे १२०० किलो वजनाचा एक दगड ठेवलेला असून तो २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पहिलवानाने उचलल्याचे सांगितले जाते. आजच्या महाबली स्पर्धांमध्ये जमिनीवरून वजन उचलून ताठ उभे राहण्याच्या प्रकारात, ज्याला डेडलिफ्ट म्हणतात, ५०० किलोंचा टप्पा प्रथम २०१६ मध्ये गाठला गेला आणि त्यानंतरचे विक्रमही त्याच्या थोडेच पुढे गेले आहेत. शिवाय हातांच्या पकडीसाठी बनवलेल्या लोखंडी दांड्यापेक्षा ओबडधोबड दगड धरणे कितीतरी अवघड असते. त्यामुळे तो दगड संपूर्णपणे जमिनीपासून वर उचलला गेला असणे शक्य नाही. मात्र त्याची एक कड उचलणे, तो कलंडवणे किंवा जागेवरून हलवणे असामान्य मल्लाला शक्य आहे, आणि तेवढेही थोर बळाचेच लक्षण ठरते. याउलट जेजुरीच्या गडावरील सुमारे ४२ किलोंचा खंडा दसऱ्याच्या उत्सवात दरवर्षी शेकडो लोकांच्या डोळ्यांसमोर एका हाताने तोलून धरला जातो. तेथे वस्तू तीच राहते, वेळ मोजली जाते आणि पुढच्या वर्षी दुसरा माणूस तोच प्रयत्न करतो, म्हणून आकडा लहान असूनही हा पराक्रम अधिक भरवशाचा आहे.

गोळाफेक या दृष्टीने खंड्याच्या बाजूची आहे. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोंचा, म्हणजे १६ पौंडांचा, आणि महिलांचा ४ किलोंचा असतो, २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळातून तो मानेजवळ टेकवून एका हाताने ढकलावा लागतो, हात खांद्याच्या मागे नेता येत नाही आणि अंतर मोजताना सेंटिमीटरचा अपूर्णांक सोडून दिला जातो. अमेरिकेच्या रायन क्राउझरने २०२३ मध्ये लॉस एंजेलिस येथे नोंदवलेला २३.५६ मीटरचा जागतिक विक्रम आणि भारताच्या तजिंदरपालसिंग तूरने त्याच वर्षी भुवनेश्वर येथे नोंदवलेला २१.७७ मीटरचा आशियाई विक्रम या काटेकोर नियमांतून पार पडलेले आहेत.

या आकड्यांमागे काय दडले आहे, हे गणिताने काढता येते. सुमारे २.२ मीटर उंचीवरून, ३७ अंशांच्या कोनात, सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर वेगाने सुटलेला गोळा पावणेबावीस मीटरांच्या आसपास पडतो. त्या क्षणी गोळ्यात सुमारे ७०० ज्यूल गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे साठलेली कार्यशक्ती, असते. तेवढ्याच ऊर्जेत ७२ किलोंचे पोते एक मीटर वर उचलता येईल. फरक एवढाच, की गोळाफेकपटू त्यातील बहुतेक ऊर्जा शेवटच्या पाव सेकंदात गोळ्याला देतो, आणि त्या पाव सेकंदापुरती त्याच्या शरीराची शक्ती सुमारे चार अश्वशक्तींना पोहोचते. म्हणून या खेळात नुसते बळ पुरत नाही, ते विलक्षण झपाट्याने वापरावे लागते. पेरी ओब्रायनने १९५० च्या दशकात रूढ केलेली, फेकीच्या दिशेला पाठ करून घसरत येण्याची पद्धत आणि १९७० च्या दशकात पुढे आलेली, थाळीफेकीसारखे गिरकी घेण्याची चक्राकार पद्धत या दोन्हींचा हेतू गोळ्याला वेग देण्याचा मार्ग लांबवणे हाच आहे.

हे एकदा ध्यानात आले, की दंतकथांची छाननी सोपी होते. पाठ बाकावर टेकून छातीवरून वजन ढकलण्याच्या, म्हणजे बेंच प्रेसच्या, प्रकारात खास पोशाखाच्या मदतीशिवायचा विक्रम २०२१ मध्ये ३५५ किलोंवर गेला. त्यामुळे १४० किलोंच्या गोळाफेकपटूने २५० किंवा २७० किलो ढकलल्याची कथा, म्हणजे दिग्रस परिसरातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये बांधल्या जाणाऱ्या १७० किलोंच्या कापसाच्या गाठीच्या दीडपट वजनाची कथा, अशक्य कोटीतली नाही. मात्र व्यायामशाळेत दांडा छातीवर आपटून उसळी घेतली, हात पुरते सरळ केले नाहीत किंवा सोबत्याने बोटाचा आधार दिला, तर आकडा फुगतो. स्पर्धेत तीन पंच नेमके हेच पाहत असतात. काही गोळाफेकपटूंनी तर अशा पंचांसमोरच बळ सिद्ध केले. अमेरिकेचा गॅरी गुबनर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्याच्या स्पर्धेत चौथा आला, १९७३ मध्ये २१.८२ मीटरचा विश्वविक्रम करणारा अल फॉयरबाख पुढच्याच वर्षी आपल्या गटातील अमेरिकेचा वजन उचलण्यातील विजेता ठरला आणि २१.६८ मीटर गोळा फेकणारा ब्रिटनचा जेफ केप्स १९८३ व १९८५ मध्ये जगातील सर्वांत बलवान पुरुषाचा किताब जिंकला.

धावण्याच्या कथांतही असाच गाभा आढळतो. सुरुवातीच्या दहा-पंधरा मीटरांत पायांचा स्फोटक रेटा निर्णायक असल्याने गोळाफेकपटू धावपटूच्या बरोबरीने राहू शकतो, पण पुढे त्याचे वजन आड येते आणि शंभर मीटरची शर्यत जिंकल्याची कथा टिकत नाही. गोळाफेकपटू ब्रायन ओल्डफील्डविषयी अशा अनेक गोष्टी आहेत. परंतु १९७५ मध्ये एल पासो येथे त्याने केलेली २२.८६ मीटरची फेक ही दंतकथा नव्हे, ती प्रत्यक्ष मोजलेली फेक असून तो व्यावसायिक खेळाडू असल्यानेच तिला विश्वविक्रमाची मान्यता मिळाली नाही.

महाराष्ट्रापुरता विचार केला, तर सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याच्या करगणी गावचे सचिन सर्जेराव खिलारी यांची कामगिरी या सर्व चर्चेला वेगळे वळण देते. शाळकरी वयात सायकलवरून पडून डाव्या हाताला इजा झाली, पुढे गँगरीन झाले आणि त्या हाताची हालचाल पूर्ववत झाली नाही. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या खिलारी यांनी आधी भालाफेक केली आणि खांद्याच्या दुखापतीनंतर ते गोळाफेकीकडे वळले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ गटात, म्हणजे एका हाताची क्षमता बाधित असलेल्या खेळाडूंच्या गटात, त्यांनी ६ किलोंचा गोळा १६.३२ मीटर फेकून आशियाई विक्रमासह रौप्यपदक मिळवले. गोळा एकाच हाताने फेकला जात असला, तरी दुसरा हात शरीराच्या गिरकीला ओढ देतो आणि शेवटच्या क्षणी अंगाशी घट्ट येऊन छातीची डावी बाजू थोपवतो, त्यामुळे उजवी बाजू झटक्याने पुढे येते; ही मदत पूर्णपणे मिळत नसतानाही गोळ्याला सेकंदाला जवळपास १२ मीटरचा वेग देणे हे अडीचशे किलोंच्या कोणत्याही ऐकीव कथेपेक्षा मोठे आहे. सुवर्णपदक मिळवणारे कॅनडाचे ग्रेग स्टुअर्ट १६.३८ मीटरवर, म्हणजे अवघे ६ सेंटिमीटर पुढे, होते आणि त्यांची उंची २.१८ मीटर आहे. या वेगाच्या फेकीत गोळा एक सेंटिमीटर अधिक उंचीवरून सुटला, की अंतरही जवळपास एक सेंटिमीटर वाढते, हे लक्षात घेतले, म्हणजे त्या ६ सेंटिमीटरांना बळाचा पराभव म्हणता येत नाही.

मोजलेला प्रत्येक आकडा निर्मळ असतो, असे मात्र नाही. १९९० मध्ये २३.१२ मीटर फेकणाऱ्या रँडी बार्न्सचा विक्रम ३१ वर्षे टिकला, पण त्याच वर्षी तो उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळला आणि १९९८ मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली. पूर्व जर्मनीत तर खेळाडूंना अशी द्रव्ये देण्याची व्यवस्था सरकारनेच उभी केली होती. मोजपट्टी अंतराची खात्री देते, ते कशाच्या जोरावर गाठले याची देत नाही, आणि हा भेद दंतकथा व विक्रम या दोहोंना लागू पडतो.

१९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे विदर्भाला शरीरसाधनेची मोठी परंपरा लाभली आहे, आणि तिचे पुढचे पाऊल नोंदींचेच असले पाहिजे. दिग्रस, दारव्हा, पुसद येथील शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी तालुका स्पर्धेआधी गोळा काट्यावर तोलावा, अंतर वर्तुळाच्या आतल्या कडेपासून मोजावे आणि मुलामुलींच्या नावापुढे गोळ्याचे वजन, अंतर व तारीख या तिन्ही गोष्टी लिहून ती वही जपून ठेवावी.