‘फोटो’ हाडांचा, कसब माणसाचं!

खो-खो खेळताना धपकन पडलात, मनगट सुजलं, की डॉक्टर लगेच चिठ्ठी लिहून देतात, “आधी फोटो काढून आणा.” हा फोटो म्हणजे एक्स-रे, हे काही वेगळं सांगायला नको! एक्स-रेच्या खोलीत कोणीतरी तुमचा हात टेबलावर ठेवतं, हळूच वळवतं, “आता अजिबात हलायचं नाही हं” असं बजावतं आणि आडोशाला जातं. ‘टक्’ असा आवाज होतो. झालं काम! मग वाटतं, “यात काय एवढं? नुसतं बटण तर दाबायचं!”

मित्रांनो, ते बटण दाबायला शिकायला एक मिनिट पुरतं. पण ते केव्हा दाबायचं, दाबण्यापूर्वी काय काय करायचं आणि केव्हा मुळीच दाबायचं नाही, हे शिकायला काही वर्षं लागतात. हे काम करणाऱ्या माणसाला रेडिओग्राफर किंवा क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणतात. फोटो वाचून आजाराचं निदान करणारे डॉक्टर वेगळे. ते रेडिओलॉजिस्ट. पण फोटोच धड नसेल, तर मोठ्यातला मोठा डॉक्टर तरी काय वाचणार?

किरण सापडले, किंमतही मोजावी लागली

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे विल्हेल्म राँटगेन यांना हे अदृश्य किरण सापडले. बीजगणितात अज्ञात संख्येला आपण ‘क्ष’ म्हणतो ना? तसंच त्यांनी या अज्ञात किरणांना नाव दिलं. त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी त्यात स्पष्ट दिसत होती! १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल पारितोषिक राँटगेन यांनाच मिळालं.

डॉक्टरांना तर जादूची कांडीच सापडली. पण हे किरण शरीराला अपाय करतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? यंत्र नीट चालतंय का, हे पाहायला लोक स्वतःचाच हात किरणांसमोर धरत. दिवसातून कितीतरी वेळा! त्यांची कातडी भाजली, जखमा चिघळल्या, काहींना कर्करोग झाला. एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली यांचे हात कापावे लागले आणि १९०४ साली त्यांचा मृत्यू झाला. अशा माणसांची नावं कोरलेलं एक स्मारक १९३६ साली जर्मनीत हँबुर्ग इथे उभारलं गेलं. आज रेडिओग्राफरला जे नियम शिकवले जातात, त्यांच्यामागे या माणसांनी सोसलेलं दुःख आहे.

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या शरीरात गोळी नेमकी कुठे अडकली आहे, हे शोधायला मेरी क्युरी यांनी मोटारगाड्यांत एक्स-रे यंत्रं बसवली. लोक या गाड्यांना ‘छोट्या क्युरी’ म्हणत. गाड्या मिळाल्या, पण यंत्रं चालवणार कोण? मग मेरी क्युरींनी पॅरिसमध्ये वर्ग सुरू केला आणि सुमारे १५० स्त्रियांना वीज, क्ष-किरण आणि शरीररचना शिकवून तयार केलं. त्यांची मुलगी इरीनही युद्धकाळात हेच काम करत होती. युद्ध सुरू झालं तेव्हा ती फक्त सोळा वर्षांची होती!

भिंतीवरची सावली करून बघा

एक्स-रे म्हणजे खरं तर सावली. हाडांतलं कॅल्शियम बरेच किरण अडवतं, म्हणून हाड पांढरं दिसतं. फुप्फुसांतली हवा त्यांना सहज जाऊ देते, म्हणून फुप्फुसं काळी दिसतात.

रात्री खोलीतला दिवा मालवा आणि भिंतीवर टॉर्चचा उजेड पाडा. आता हात भिंतीजवळ धरा. सावली रेखीव आणि जवळजवळ हाताएवढीच. हात टॉर्चकडे सरकवा. सावली मोठी आणि पुसट! म्हणूनच छातीचा फोटो काढताना, उभं राहता येत असेल तर तुम्हाला छाती पाटीला टेकवून, यंत्राकडे पाठ करून उभं करतात. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं. ते पाटीजवळ राहिलं, की उगाच मोठं दिसत नाही.

आता एक रुपयाचं नाणं धरा. समोरून सावली गोल आणि कडेवर धरलं तर नुसती रेघ! हाडाची बारीक चीरही अशीच लपते. एका बाजूने दिसत नाही, दुसऱ्या बाजूने झटकन दिसते. म्हणून मनगटाचे निदान दोन फोटो तरी काढतात. “दोन-दोन फोटो कशाला?” असं घरी कोणी विचारलं, तर आता उत्तर तुम्हीच द्या!

खरं कसब इथेच

तान्ह्या बाळाला जेवढे किरण पुरतात, तेवढे धिप्पाड पहिलवानाला पुरतील का? मुळीच नाही. वय, बांधा आणि शरीराचा भाग पाहून किरणांची ताकद आणि प्रमाण ठरवावं लागतं. पूर्वी फिल्म असे. किरण जास्त झाले, की ती काळीकुट्ट होई आणि चूक चार लोकांना दिसे. आता संगणक फोटो सुधारून देतो. त्यामुळे किरण गरजेपेक्षा जास्त वापरले, तरी फोटो छानच दिसतो. रोग्याला कळत नाही, नातेवाइकांनाही कळत नाही. कळतं ते फक्त रेडिओग्राफरला! कोणी बघत नसतानाही कमीत कमी किरणांत, पहिल्याच खेपेला चोख फोटो काढायचा, ही या विद्येची खरी परीक्षा.

मग एक्स-रेला घाबरायचं का? छे! किरणोत्सर्ग निसर्गातही असतोच. जमिनीतून आणि आकाशातून काही दिवसांत आपल्याला जेवढा मिळतो, साधारण तेवढाच छातीच्या एका फोटोत मिळतो. पोटाच्या सीटी स्कॅनला मात्र त्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त लागतो. म्हणून गरज असेल तेव्हा तपासणी जरूर करायची, पण हौसेखातर नाही.

तंत्रज्ञाला हे काम रोज करायचं असतं. म्हणून वेळ कमी, अंतर जास्त आणि मधे शिशाचा आडोसा, ही त्याची त्रिसूत्री. अंतर दुप्पट केलं, की किरण चौथ्या हिश्शावर येतात. तिप्पट केलं, की नवव्या! त्याच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो, टीएलडी बॅज. किती किरण अंगावर पडले, याची नोंद त्यात होते. ठरावीक काळाने तो तपासायला पाठवतात. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने यासाठी मर्यादा घालून दिली आहे. पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० हून जास्त नाही. अठरा वर्षांखालच्या कोणालाही या कामावर नेमता येत नाही.

एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच. तिथे असतं प्रचंड ताकदीचं चुंबक, आणि यंत्र वापरात नसतानाही ते चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचं सिलिंडर नेलं गेलं. चुंबकाने ते खेचलं आणि एका तरुणाचा जीव गेला. दारात उभं राहून “खिशात काही लोखंडी आहे का?” असं दहा वेळा विचारणं ही कटकट वाटते ना? त्या कटकटीवर जीव अवलंबून असतो.

माणसांशीही गाठ

समोर कोण येईल, याचा नेम नसतो. मांडीचं हाड मोडलेली आजी, भोकाड पसरलेलं बाळ, मराठीचा गंधही नसलेला मजूर. प्रत्येकाला धीर द्यायचा आणि हलकेच वळवायचं. बाईमाणसाला दिवस गेले आहेत का, हे न संकोचता, पण अदबीने विचारायचं. डावं-उजवं दाखवणारी शिशाची खूण विसरायची नाही. ती चुकली, तर धडधाकट पायावरच उपचार व्हायचे! आणि फोटो झाल्यावर कोणी केविलवाण्या चेहऱ्याने विचारतंच, “काय हो, काही वाईट नाही ना?” फोटोत काही दिसलं, तरी त्याने निदान सांगायचं नसतं. “डॉक्टर नीट बघून सांगतील” हे वाक्य मायेने कसं म्हणायचं, तेही शिकावंच लागतं.

वाट कुठून जाते?

बारावी विज्ञान शाखेतून करायची. विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. त्यानंतर पदविका किंवा साधारण तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, आणि पुढे रुग्णालयात प्रत्यक्ष कामाचा अनुभव. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या काही महाविद्यालयांत ही शाखा आहे. शरीररचना, शरीरक्रिया, किरणांचं भौतिकशास्त्र, रोग्याची शुश्रूषा, सीटी आणि एमआरआय असे विषय असतात. २०२१ साली संसदेने अशा आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात हा व्यवसायही येतो.

पालकांना एक विनंती. प्रवेश घेण्यापूर्वी तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का आणि मुलांना मोठ्या रुग्णालयात हाताने काम करायला मिळतं का, या दोन्ही गोष्टी स्वतः जाऊन पाहा. नुसत्या जाहिरातीवर भुलू नका. “डॉक्टर नाही झाला, म्हणून हे” असं तर मुलाला कधीच म्हणू नका.

आणि दोस्तांनो, हे काम आपल्याला जमेल का, असा प्रश्न पडला असेल, तर स्वतःलाच विचारा: भौतिकशास्त्र आवडतं का? रडणाऱ्या पोराला गप्प करता येतं का? आणि मास्तर वर्गात नसतानाही गणित प्रामाणिकपणे सोडवता का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर ही वाट तुमची आहे!