हवेचा काटा आणि मोटारीचा हिशेब

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत मोटारीच्या इंजिनाची चर्चा पाहून काही सभासद बंधूंस नवल वाटेल. परंतु नागपूरची खरेदी, छिंदवाड्याची उगराणी, लग्नकार्य, आजारी माणसास दवाखान्यात नेणे, यांपैकी कोणते काम आज मोटारीवाचून होते? २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून सौंसरकरांस कचेरीच्या कामासाठी पांढुर्ण्यासही यावे लागते. असे असूनही मोटार बिघडली म्हणजे आपण ती मिस्त्रीच्या स्वाधीन करतो, तो सांगेल तो भाग बदलतो आणि बिल चुकते करतो. दुकानात पै-पैचा ताळा पाहणारे आपण तेथे मात्र हिशेब विचारीत नाही. एअर फ्लो सेन्सर या एका लहानशा भागापुरता तो हिशेब येथे मांडण्याचा आमचा मानस आहे. त्यास आमच्याच हातून घडलेली एक चूक कारण झाली, तीही पुढे सांगू.

प्रथम हा भाग करतो काय ते पाहू. इंधन जळण्यास हवा लागते आणि तीही ठराविक वजनाची. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळावयास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. या हिशेबाने एक लिटर पेट्रोलास जवळजवळ ११ किलो, म्हणजे मापाने ९ हजार लिटरांच्या आसपास हवा पाहिजे. येथे वजन महत्त्वाचे, माप नव्हे. पायलीभर धान्य ओले आहे की वाळलेले यावर त्याचे वजन ठरते, तसेच हवेचे आहे. पौषातील पहाटेच्या १० अंशांच्या हवेपेक्षा वैशाखातील ४५ अंशांची दुपारची हवा तेवढ्याच मापात दहा टक्क्यांहून अधिक हलकी भरते. घाट चढून गेल्यावर ती आणखी विरळ होते. यास्तव इंजिनाच्या दारी हवेचा काटा बसविणे प्राप्त झाले. तोच हा सेन्सर.

एअर फिल्टरच्या पेटीतून निघणाऱ्या नळीत प्लॅटिनमची बारीक तार किंवा पातळ पापुद्रा असतो. वीज सोडून तो भोवतालच्या हवेपेक्षा ठराविक अंशांनी अधिक तापलेला ठेवतात. वाहती हवा त्यास निवविते, आणि ऊब टिकविण्यास जितकी वीज अधिक लागेल तितके हवेचे वजन अधिक, असे गणित आहे. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९७३ साली हवेच्या जोराने ढकलली जाणारी झडप वापरून हे मोजमाप आरंभिले व १९८१ साली तापलेल्या तारेची रीत आणली. आपल्याकडील जुन्या कार्बोरेटरच्या अँबेसिडर व फियाट मोटारींत असा काटा नव्हता. २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले, तसतशी विजेवर चालणारी ही मोजमापे आपल्या दारी आली. मात्र प्रत्येक मोटारीत हा काटा असतोच असे नाही. अनेक लहान पेट्रोल मोटारींत हवेचा दाब व उष्णता पाहून वजनाचा अंदाज बांधतात. टर्बो डिझेल मोटारींत तो बहुधा असतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की, आपल्या मोटारीत हा भाग आहे काय?

आता आमची चूक. आमच्या घरची डिझेल मोटार सिल्लेवानीच्या घाटात रडू लागली. मागे काळा धूर निघे, पिकअप नाहीसा झाला आणि लिटरमागे मिळणारे किलोमीटर एकाएकी घटले. मोटार चालविणारा गृहस्थ आमच्याकडे कित्येक वर्षांचा. डिझेलचा आकडा जुळेना तेव्हा आम्ही त्यास नको ते विचारले. तो काही बोलला नाही. चाव्या टेबलावर ठेवून घरी निघून गेला. पुढे एका गॅरेजात स्कॅनर लावला, त्यावर ‘पी ०१०१’ असा कोड उमटला. तेवढ्यावरून सेन्सर बदलण्यात आला. आठ दिवसांत पुन्हा तेच! अखेर दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीने टर्बोपुढील रबरी होज पाइप हाताने वाकवून पाहिला. खालच्या बाजूस, सहसा नजर जात नाही तेथे, बोटभर भेग होती. इंजिनावर भार आला की आतील दाबाने ती उघडे. काट्यावर तोललेली हवा वाटेतच गळत होती आणि न पोहोचलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल मात्र पुरे पडत होते. चोरी झाली होती, पण ती पाइपाने केली होती.

यातून घेण्याचा बोध असा की, कोड ही तक्रार आहे, निकाल नव्हे. ‘पी ०१०१’ चा अर्थ एवढाच की काट्याचा आकडा इतर आकड्यांशी जुळत नाही. काटा खोटा असेल, अथवा काटा आणि वखार यांच्या दरम्यान माल गळत असेल वा न तोललेला आत शिरत असेल. ‘पी ०१०२’ व ‘पी ०१०३’ हे कोड संकेत फार कमी वा फार जास्त असल्याचे सांगतात; तेथे तारांचा संशय प्रथम घ्यावा.

तपासणीचा क्रम कमी खर्चाकडून अधिक खर्चाकडे ठेवावा. आरंभी एअर फिल्टर पाहावा. आपल्या भागात जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू व धूळ असते आणि ती फिल्टरवर लवकर साचते. हवेच्या जोरदार फवाऱ्याने तो साफ करण्याची सवय घातक आहे; कागदास सूक्ष्म छिद्रे पडून धूळ थेट तारेवर बसते. मग नळ्या, क्लिपा व सांधे हाताने चाचपावे. त्यानंतर प्लग व तारा पाहाव्या. वखारीजवळ उभ्या राहणाऱ्या मोटारींच्या तारा उंदीर कुरतडतात, हे आपणांस सांगणे नलगे.

एवढे निर्दोष ठरल्यावर स्कॅनरवर चालू आकडा वाचावयास सांगावा व तो स्वतः पडताळावा. इंजिन दोन फेऱ्यांत आपल्या आकारमानाएवढी हवा घेते. १.३ लिटरचे डिझेल इंजिन मिनिटास ८०० फेऱ्यांनी चालत असता मिनिटाला ५२० लिटर, म्हणजे सेकंदास फार तर १० ग्रॅम हवा होते. प्रत्यक्षात ८ ते ९ ग्रॅम दिसावे. मात्र धुराचा काही भाग परत आत घेणारी झडप उघडी असेल तर आकडा बराच खाली येतो. १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनात हवेची वाट जवळपास मिटलेली असल्याने रेस न देता २ ते ३ ग्रॅमच दिसतात.

पेट्रोल मोटारीत आणखी एक साक्षीदार असतो. धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर जळणाचा ताळा पाहतो व इंधन वाढविण्याची वा घटविण्याची दुरुस्ती सुचवितो. ही दुरुस्ती दहा टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नको. जुन्या मोटारीत २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल घातल्याने ती थोडी वाढते, तो दोष काट्याचा नव्हे. इंजिन नुसते चालू असता दुरुस्ती मोठी व रेस दिल्यावर कमी होत असेल तर कोठेतरी न तोललेली हवा शिरते आहे. उलट भार वाढेल तशी दुरुस्ती वाढत गेली तर तार मळल्याचा संशय रास्त आहे.

संशय काट्यावरच स्थिर झाला तरी आधी तो साफ करावा. याच कामासाठी मिळणारा फवारा वापरावा. कार्बोरेटरचा फवारा, ब्रश, कापड वा हवेचा झोत वापरू नये, तारेस बोट लावू नये, आणि पूर्ण वाळल्यावाचून इंजिन सुरू करू नये. त्यानेही आकडा सुधारला नाही तरच नवा भाग घ्यावा, व जुना मागून घ्यावा.

असो. पाइप बदलला त्याच संध्याकाळी आम्ही त्या गृहस्थाच्या घरी गेलो व झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. नव्या सेन्सरचे पैसे गेले ते गेले. परंतु काटा, वाट व वखार यांचा ताळा न पाहता माणसावर तूट लिहिली, ही नोंद आमच्या खाती अजून तशीच आहे. सभासद बंधूंच्या खाती तशी नोंद न पडो, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.