तीन, तीन, तीन आणि नऊ

दुपारी बारा वाजता वसईतल्या एखाद्या चर्चजवळून किंवा गोव्यातल्या एखाद्या जुन्या गावातून जात असाल, तर घंटा ऐकू येईल. नवख्या माणसाला वाटतं, घड्याळाचे टोल पडताहेत. पण मोजायला गेलं की हिशेब चुकतो. तीन टोल पडतात आणि घंटा थांबते. पुन्हा तीन, पुन्हा थांबते. आणखी तीन. मग सलग नऊ. बारा वाजलेले असतात आणि टोल पडतात अठरा. पद्धत गावोगाव थोडी बदलते, काही ठिकाणी शेवटी नऊ टोलांऐवजी घंटा नुसतीच घणघणत राहते, पण तीन-तीन-तीनचा हा ठेका कॅथलिक जगात बहुतेक सगळीकडे सारखाच आहे. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी, असा दिवसातून तीनदा तो वाजतो.

या घंटेचं आणि तिच्याबरोबर म्हणायच्या प्रार्थनेचं नाव ‘आंजेलुस’, म्हणजे लॅटिनमधला देवदूत. घंटा थांबते ती त्या प्रार्थनेसाठी. पहिल्या तीन टोलांवर देवदूताने मरियेला निरोप सांगितला त्याची आठवण करायची आणि एकदा ‘नमो मरिया’ म्हणायचं. दुसऱ्या तीन टोलांवर मरियेने त्या निरोपाला दिलेला होकार आठवायचा. तिसऱ्या तीन टोलांवर देव माणूस झाला आणि माणसांत राहिला, हे आठवायचं. शेवटच्या नऊ टोलांवर समारोपाची प्रार्थना. सगळं मिळून जेमतेम दोन मिनिटं. हातात विळा असेल तर तो खाली ठेवायचा, चुलीवर भात असेल तर आच कमी करायची, आणि आहोत तिथेच उभं राहायचं.

मला थक्क करतं ते हे ‘आहोत तिथेच’. चर्चमध्ये या, असं ही घंटा सांगत नाही. मिस्साची घंटा बोलावते, मयताची घंटा बातमी देते. ही मात्र शेतातल्या माणसाला शेतातच उभं करते आणि स्वयंपाकघरातल्या बाईला स्वयंपाकघरातच.

आणि जी गोष्ट आठवायची तीही घरातलीच आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात देवदूत येतो तो मंदिरातल्या एका याजकाकडे, जखऱ्याकडे. धूप जळतो आहे, बाहेर लोक प्रार्थना करताहेत, सगळं कसं प्रसंगाला शोभेल असं. पण त्याहून मोठा निरोप घेऊन तोच देवदूत पुढे जातो गालीलमधल्या नासरेथ नावाच्या खेड्यात, एका मुलीकडे. जुन्या करारात या खेड्याचं नावसुद्धा येत नाही. 2009 मध्ये नासरेथला, आजच्या बॅसिलिकेच्या अगदी जवळ, इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याला येशूच्या काळातल्या एका घराचे अवशेष सापडले. दोन खोल्या, एक अंगण, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, काही भांड्यांचे तुकडे. ते घर कोणाचं हे कोणी सांगू शकत नाही, सांगायची गरजही नाही. मरियेचं घर साधारण असंच असणार. ख्रिस्ती श्रद्धा ज्या क्षणापासून देवाचं माणसांत येणं मोजते, तो क्षण पाणी साठवण्याच्या आणि धान्य निवडण्याच्या जागेत घडला. मग त्याची आठवण करायला कामाची जागा सोडून कशाला जायचं?

दिवसातून तीनदा प्रार्थना करण्याची रीत ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. बाबिलोनमधला दानीएल खिडकी उघडून यरुशलेमकडे तोंड करायचा आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र भर दुपारी घराच्या छतावर प्रार्थनेला चढतो, आणि त्याला भूक लागलेली आहे हेही लेखक नोंदवून ठेवतो! पुढे मठांतल्या साधूंनी दिवसाचे सात-आठ भाग करून प्रत्येकाला स्तोत्रं नेमून दिली. पण ती पोथी वाचता येणाऱ्यांसाठी. नांगर धरणाऱ्याला अक्षरओळख नव्हती आणि मठातल्यासारखा वेळही नव्हता. त्याच्यासाठी तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी संध्याकाळच्या घंटेवर ‘नमो मरिया’ म्हणण्याची सवय रुजवली. युरोपातल्या गावांत संध्याकाळी एक घंटा वाजतच असे. घराला आग लागू नये म्हणून चुलीतले निखारे राखेने झाका, असं सांगणारी. बऱ्याच ठिकाणी तीच घंटा प्रार्थनेची झाली. पुढच्या शतकात सकाळचीही घंटा आली.

दुपारची घंटा आली ती मात्र युद्धातून. 1453 मध्ये सुलतान दुसरा मेहमेद याने कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि तीन वर्षांनी त्याच्या फौजा बेलग्रेडच्या तटाशी येऊन भिडल्या. 29 जून 1456 रोजी पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी फर्मान काढलं की रोज दुपारी घंटा वाजवून लोकांनी बेलग्रेडसाठी प्रार्थना करावी. जुलैच्या अखेरीस हंगेरीचा सेनापती यानोश हुन्यादी याच्या सैन्याने वेढा मोडून काढला. फर्मान घेऊन निघालेल्या स्वारांच्या आधी काही गावांत विजयाचीच बातमी पोचली, म्हणून हंगेरीत आजही दुपारची घंटा त्या विजयाची म्हणून ओळखली जाते. युद्ध संपलं, ती माणसं गेली, ती साम्राज्यंही गेली. घंटा राहिली. 1472 मध्ये फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने दुपारची हीच प्रार्थना आपल्या राज्यात शांततेसाठी म्हणायला सांगितली. ज्या आवाजाने तलवारी उचलायच्या, तो सोळा वर्षांत तलवारी खाली ठेवण्यासाठी वाजू लागला, हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसलो होतो.

या प्रार्थनेचं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा मिले याने 1857 ते 1859 या काळात काढलं. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ते पाहायला जाणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो आकाराचा. जेमतेम 55 बाय 66 सेंटिमीटर, खिडकीच्या एका झडपेएवढं. बटाटे काढता काढता थांबलेले एक शेतकरी आणि त्याची बायको. त्याच्या बाजूला जमिनीत रोवलेलं दाताळं, दोघांच्या मधे टोपली, बायकोच्या पाठीमागे पोत्यांची हातगाडी. दूर क्षितिजावर चर्चचा बारीकसा मनोरा. त्याने टोपी काढून हातात धरली आहे, तिने हात जोडले आहेत. मिलेने पुढे एका पत्रात या चित्राचं मूळ सांगितलं. त्याची आजी शेतात काम चालू असताना घंटा ऐकली की सगळ्यांना थांबवायची आणि गेलेल्या गरिबांसाठी ही प्रार्थना म्हणायला लावायची. नॉर्मंडीतल्या त्या आजीचं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल, पण तिची सवय छापील चित्रांच्या रूपाने लाखो घरांच्या भिंतींवर जाऊन पोचली. त्या चित्रातलं मला सर्वांत आवडतं ते दाताळं. ते कोणी बाजूला नेऊन ठेवलेलं नाही. प्रार्थना झाली की ते पुन्हा हातात यायचं आहे.

आता घंटेकडे जरा जवळून पाहू, कारण खुद्द त्या धातूतही एक नवल दडलेलं आहे. चर्चची घंटा ओततात ती कांशाची. ढोबळमानाने चार भाग तांबं आणि एक भाग कथील. ओतणाऱ्याने पूर्वापार ठरलेला बाक दिला की ती एका वेळी अनेक स्वर काढते. संगीत ऐकणाऱ्याला हे सहज ओळखता येईल. मधल्या षड्जाच्या खाली खर्जाचा षड्ज घुमत असतो, वर पंचम असतो, तारषड्ज असतो. आणि या सगळ्यांत स्पष्ट उठून दिसतो तो कोमल गंधार. चर्चची घंटा ऐकताना मन हळवं होतं त्याला हा गंधारही कारणीभूत असावा. सतराव्या शतकात उट्रेख्ट शहरात याकोब फान आयक नावाचा अंध घंटावादक होता. घंटेजवळ उभं राहून तो शीळ घालायचा आणि नेमका तेवढाच स्वर घंटेतून जागा करून दाखवायचा. त्याच्या कानाच्या आधारावर घंटा ओतणाऱ्या हेमोनी बंधूंनी 1644 मध्ये झुटफेन इथे खऱ्या अर्थाने सुरात लावलेला पहिला घंटासंच घडवला. आतून धातू तासत तासत ते स्वर खाली आणायचे. तासलेला धातू परत चिकटवता येत नाही, त्यामुळे चुकायला वाव नव्हता.

याहून मोठं नवल 1890 च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी घंटांची मापं घेतली तेव्हा पुढे येऊ लागलं. टोल पडताक्षणी आपण जो स्वर ‘घंटेचा स्वर’ म्हणून ऐकतो, तो मोजून काढायला जावं तर त्या जागी घंटेच्या कंपनांत सापडेलच असं नाही. वरचे काही स्वर 2 : 3 : 4 अशा प्रमाणात येतात आणि त्यांच्या बुडाशी असायला हवा तो स्वर आपला कान आणि मेंदू मिळून पुरा करतात. गाव ज्या स्वराने आपली घंटा ओळखतं, तो स्वर घंटेत नसतो, ऐकणाऱ्यात असतो. श्रद्धेशी याची ओढूनताणून सांगड मी घालणार नाही. पण घंटेखाली उभं राहून हे आठवलं की अंगावर काटा येतो, एवढं खरं.

महाराष्ट्राचा या घंटांशी एक वेगळाच संबंध आहे. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या पोर्तुगीज घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे अशी एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळाला घेतलेली मरिया आणि 1707 हे साल कोरलेलं दिसतं. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा तर सगळ्या शहराला ठाऊक आहे. भीमाशंकरालाही एक आहे. मनोऱ्यावर असताना यांतल्या कितीतरी घंटांनी तीन-तीन-तीनचा ठेका धरला असेल. ज्यांच्या त्या घंटा होत्या, त्यांच्या दृष्टीने ही लूट होती, हे झाकायचं कारण नाही. पण त्या वितळवून तोफा ओतणं सहज शक्य होतं, त्या काळी ते सर्रास होई. इथे त्या देवळात गेल्या, आणि प्रार्थनेलाच लागल्या.

गोव्यात संध्याकाळच्या घंटेला आणखी एक रीत जोडलेली आहे. प्रार्थना झाली की घरातली लहान मंडळी मोठ्यांसमोर येऊन ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद मागतात आणि मोठे ‘देव बरें करूं’ म्हणतात. दिवसभर रागावलेली आई आणि दिवसभर छळणारा मुलगा, दोघांनाही रोज संध्याकाळी एकमेकांसमोर उभं राहावंच लागतं. रुसवा दुसऱ्या दिवसावर जाऊ न देण्याची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. आयर्लंडमध्ये ही घंटा 15 ऑगस्ट 1950 पासून राष्ट्रीय रेडिओवर वाजते आणि 1962 पासून टीव्हीवरही. संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी मिनिटभर नुसते टोल. अलीकडे त्या वेळी पडद्यावर दाखवतात ती कामात असलेली, क्षणभर थबकलेली साधी माणसं. अंथरुणाला खिळलेल्या, घरात एकट्याच असलेल्या माणसासाठी या मिनिटाचं मोल काय असेल? त्याला उठता येत नाही, चर्चला जाता येत नाही, पण याच घटकेला गावात आणखी कोणी कोणी थांबलं आहे, हे त्याला आवाजानेच कळतं. उभारी बऱ्याचदा उपदेशातून येतच नाही, ती अशा सोबतीतून येते.

बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळी ही प्रार्थना म्हणत नाहीत. मरियेला उद्देशून प्रार्थना करणं त्यांना मान्य नाही. पण दिवसाच्या मध्यावर देवाची आठवण ठेवण्याबद्दल त्यांच्यातही प्रेमाने वाचला जाणारा एक माणूस कॅथलिकच आहे, आणि तोही आचारी. निकोला एर्मां हा लोरेनचा शिपाई. लढाईत पाय जायबंदी झाला. 1640 मध्ये पॅरिसच्या कार्मेलाइट मठात तो साधा बंधू म्हणून दाखल झाला आणि ब्रदर लॉरेन्स झाला. काम मिळालं स्वयंपाकघराचं, ज्याचा त्याला मनापासून कंटाळा होता. पुढे म्हातारपणी चपला शिवण्याचं. 1691 मध्ये तो वारल्यावर जोझेफ द बोफोर या धर्मगुरूने त्याच्याशी झालेली बोलणी आणि त्याची पत्रं प्रसिद्ध केली. त्याचं म्हणणं असं होतं की भांड्यांचा खणखणाट चालू आहे, चार जण चार गोष्टी एकदम मागताहेत, तेव्हाही देव त्याला तितकाच जवळ असतो जितका वेदीसमोर गुडघे टेकल्यावर. घंटा दिवसातून तीनदा थांबवते. हा माणूस मधले तास भरून काढायला निघाला होता.

त्याच्या पत्रांतला मला सगळ्यांत धीर देणारा भाग मात्र निराळाच आहे. पहिली दहा वर्षं आपल्याला फार जड गेली, हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. मन भरकटायचं, देवाचा पार विसर पडायचा. त्यावर त्याचा उपाय एवढाच होता: लक्षात आलं की स्वतःला दूषणं देत बसायचं नाही, चुकलो म्हणायचं, आणि हातातली कढई तशीच धरून पुन्हा देवाशी बोलायला लागायचं.